भीमथडी घोडी बंदरावर उतरली नाही

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झंस्कारी आणि कच्छी-सिंधी या सातांच्या जोडीला दख्खनचा घोडा आठवा म्हणून बसला. तेव्हापासून एक आक्षेप सारखा कानावर येतो. घोड्यांच्या बाजारात येतो, शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीत येतो, आणि इतिहासाची आवड असलेल्या मंडळींकडून तर फार आत्मविश्वासाने येतो. आक्षेप असा: दख्खनला स्वतःचा घोडा कधी नव्हताच. जे घोडे आले ते अरबस्तान-इराणातून जहाजाने चौल, दाभोळ, गोव्याला उतरले. त्यांची इथल्या मरतुकड्या तट्टांशी पैदास झाली, त्यातून सतराव्या-अठराव्या शतकात जे निपजलं त्याला आपण भीमथडी म्हणतो. म्हणजे चांगलं ते अरबी, वाईट ते आपलं.

हे म्हणणं मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवं. यात केवळ अभिमानाचा प्रश्न असता तर मी लिहायला बसलो नसतो. या म्हणण्यावर विसंबून आज घोड्या फळवल्या जात आहेत, वळू निवडले जात आहेत, आणि उरलीसुरली जात डोळ्यांदेखत पुसली जात आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचा सगळ्यांत भक्कम साक्षीदार आधी घेऊ. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वळू घोडा घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला आला, तिथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला, तो कसाबसा सोडवून त्याने पुढे बिदरला नेऊन विकला. त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात स्पष्ट लिहून ठेवलं आहे की या देशात घोडे पैदा होत नाहीत. बैल आणि रेडे होतात, त्यांच्यावरच लोक बसतात आणि माल वाहतात. झालं! पाचशे वर्षांपूर्वीचा, परका, निःपक्ष साक्षीदार. यापुढे वाद कशाला?

वाद एवढ्यासाठी, की याच निकितिनने बिदरच्या मुलखातल्या एका मोठ्या जत्रेचंही वर्णन केलं आहे. ते ठिकाण म्हणजे आजचं आळंद असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आमच्या सास्तूर गावाहून सरळ दक्षिणेला, उमरगा ओलांडलं की फार दूर नाही. दर्ग्याच्या उरुसाला दहा दिवस बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असं तो लिहितो. आकडा फुगवलेला असेल. अर्धा करा, चौथाई करा. तरी पाच हजार घोडे एका जत्रेत, समुद्रापासून इतक्या आत! हे सगळे शिडाच्या जहाजांतून, पाणी आणि वैरण पुरवत, घाट चढवून आणलेले होते असं मानायचं असेल तर ते मानणाऱ्याने आधी जहाजांचा हिशेब मांडावा.

निकितिन खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. पण त्याने पाहिलं काय? बंदर पाहिलं, खानाची पागा पाहिली, सुलतानाच्या स्वाऱ्या पाहिल्या. त्याच्या लेखी घोडा म्हणजे शंभर रुबल देऊन घेतलेलं, सरदाराला विकायचं जनावर. गावच्या माळावर पुढचे पाय बांधून चरायला सोडलेली, लहानखुरी घोडी त्याच्या हिशेबात घोडा नव्हतीच. ही नजर त्याच्या एकट्याची नाही. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-इ-अकबरीत घोड्यांचे सात वर्ग लावले. अरबी आणि इराकी वर, तुर्की मधे आणि इथले ताझी, जंगला तळाला. तट्टू तर त्याहूनही खाली. ही दरबाराच्या तबेल्याची प्रतवारी होती, कुठल्या घोड्याला किती दाणा आणि किती दाम हे ठरवण्यासाठी केलेली. तिला देशातल्या घोड्यांचा इतिहास समजण्याची चूक आपण करतो आहोत.

दख्खनच्या घोड्याचा सगळा इतिहास असाच बंदरावर उभं राहून लिहिला गेला आहे. याचं कारणही उघड आहे. बंदरावर जकात होती, जकातीची नोंद होती. मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिलं, की चाच्यांशी त्याचा करार होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि घोड्यांचा व्यापार मुठीत ठेवण्यासाठी पोर्तुगिजांनी जिवाचं रान केलं. या सगळ्याचे कागद आहेत. धनगराच्या वाड्यावर घोडी व्यायली त्याचा कागद कुठे असणार?

आता बंदर सोडा आणि आमच्या माळावर या.

सास्तूर धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात आहे. इथून आग्नेयेला, आता कर्नाटकात गेलेलं कल्याण, म्हणजे बसवकल्याण. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला. त्यात घोड्यांवर बसून चेंडू खेळण्याच्या खेळाचं वर्णन आहे आणि त्या निमित्ताने घोड्यांचे देश, रंग, भोवरे, चाली, त्यांना वळण कसं लावायचं, याचा तपशील आहे. परदेशी घोड्यांची त्याला उत्तम माहिती होती, आणि बाहेरचे घोडे येत होते हे कुणी नाकारत नाही. पण घोडा फिरवणारे, त्याची खोड काढणारे, त्याच्या अंगावरचा भोवरा पाहून तो ठेवायचा की नाही हे ठरवणारे लोक या मुलखात नऊशे वर्षांपूर्वी मुरलेले होते, हे त्यातून दिसतं. पश्चिमेला नळदुर्ग, परंडा. बोरी आणि सीना या आमच्या जिल्ह्याच्या नद्या अखेर भीमेलाच मिळतात. भीमथडी म्हणजे फक्त पुणे जिल्ह्यातला एक पट्टा असं ज्यांना वाटतं त्यांनी नकाशा काढून भीमेचं पाणी कुठून कुठून येतं ते पाहावं.

मराठ्यांच्या घोडदळाचा हिशेब घेऊ. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेत पागेचे पंचेचाळीस हजार आणि शिलेदारांचे साठ हजार, असे एक लाख पाच हजार घोडे सांगितले आहेत. हाही आकडा कमी करून घ्यायला माझी हरकत नाही. मुद्दा आकड्याचा नाही, त्यातल्या वाटणीचा आहे. पागेतल्या बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. निम्म्याहून जास्त फौज ही घरचा घोडा घेऊन आलेल्यांची होती. कोण होते हे शिलेदार? भीमा-नीरा-माणच्या खोऱ्यांतले, बालाघाटातले पाटील, कुणबी, धनगर. त्यांना अरबी घोडा परवडत होता? एका अरबी घोड्याच्या किमतीत गावचं निम्मं शिवार आलं असतं. आणि घोडा फौजेत किती वर्षं टिकतो? फार तर दहा. लढाईतली मर धरलीच नाही तरी लाखाच्या फौजेला दर वर्षी दहा हजार नवे घोडे लागतात. त्याच वेळी आदिलशाही, कुतुबशाही आणि मोगल, सगळेच घोडे मागत होते. ही मागणी बंदरांनी भागवली नाही. ती दावणीला बांधलेल्या घोड्यांनी, दर दोन वर्षांनी शिंगरू देणाऱ्या घोड्यांनी भागवली.

महाराजांना याची जाणीव किती होती हे पाहायचं तर १६७० च्या दशकात चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं त्यांचं पत्र वाचावं. पावसाळ्यात पागा छावणीला आहे. दाणा-वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारलीत असं होईल, आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, असं त्यांनी बजावलं आहे. रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत सूचना आहेत. जो राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो त्याला पुढच्या मोसमात नवी जहाजं येतील आणि सगळं भरून निघेल अशी आशा नव्हती. सभासद सांगतो, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल मारणारा. ही व्यवस्था जागच्या जागी घोडा टिकवणाऱ्यांची आहे.

मग अरबी रक्त आलंच नाही का? आलं. भरपूर आलं. पण कसं आलं ते पाहा. व्यापारी आणत ते बहुतेक वळू. अरब आपली घोडी सहसा विकत नसत. घराण्याची घोडी म्हणजे त्यांच्या लेखी लेकीइतकी जपायची. त्यामुळे जे रक्त मिसळलं ते बापाकडून. आई इथली. चारशे-पाचशे वर्षं आई इथलीच. काळ्या मातीत चालणारी, उन्हात निम्म्या पाण्यावर राहणारी, कडब्यावर पोट भरणारी. परक्या वळवाची जी शिंगरं इथल्या दुष्काळात मेली ती मेली, जी जगली ती आईच्या गुणांनी जगली.

घोड्यांच्या आनुवंशिकतेवर अलीकडे झालेले अभ्यास पाहिले तर ही गोष्ट साऱ्या जगाचीच आहे. आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ रशियातल्या व्होल्गा-डॉन नद्यांकडच्या गवताळ प्रदेशात चार हजारांहून जास्त वर्षांमागे जातं. तिथून तो सगळीकडे पसरला, अरबस्तानातही. म्हणजे अरबी घोडासुद्धा कधीकाळी अरबस्तानात बाहेरूनच आला. आणि आजच्या बहुतेक स्वारीच्या जातींच्या नर-परंपरा गेल्या काही शतकांतल्या मोजक्या पौर्वात्य वळवांपाशी जातात, उलट मादी-परंपरा कितीतरी जुन्या आणि वेगवेगळ्या आहेत. बाप सारखे, आया निराळ्या.

इंग्रजांचं उदाहरण याहून बोलकं आहे. शर्यतीचा थरोब्रेड घोडा. त्याच्या सगळ्या नर-परंपरा तीन वळवांवर येऊन थांबतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून आणलेले. डार्ली अरेबियन तर १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला नेला. वंशावळ कागदावर आहे, शंकेला जागा नाही. तरी त्या घोड्याला कुणी अरबी घोड्यांची औलाद म्हणून हिणवलं का? तो इंग्लंडचा घोडा आहे, कारण तो इंग्लंडच्या घोड्यांच्या पोटी, इंग्लंडच्या कुरणावर, तिथल्या माणसांनी घडवला. हाच न्याय भीमाकाठच्या घोडीला लावायची वेळ आली की मात्र बाप मोठा आणि आई शून्य. हा दुटप्पीपणा वसाहतकाळातल्या लेखनात शिरला आणि आपण तो तसाच उचलला. वास्तविक मराठ्यांच्या छावण्या पाहिलेल्या इंग्रजांनीच भीमाकाठच्या घोड्याचं कौतुक करून ठेवलं आहे. मध्यम उंचीचा, ताकदीचा, देखणा, बहुधा गडद कुमैत रंगाचा आणि काळ्या पायांचा. १८१८ नंतर ज्या घोडदळासाठी तो पैदा होत होता ते घोडदळच उरलं नाही, पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात जनावरं मेली, आणि मग खंगलेली घोडी पाहून लोक म्हणू लागले की ही जात कधी चांगली नव्हतीच.

जहाजाच्या गोष्टींविषयी एक सांगावंसं वाटतं. कच्छच्या घोड्यांबद्दल अबुल फजल लिहितो, की फार पूर्वी एक अरबी जहाज तिथल्या किनाऱ्याला फुटलं, त्यावर सात उत्तम घोडे होते आणि त्यांच्यापासून तिथली जात झाली असा लोकांचा समज आहे. आयर्लंडच्या कोनेमारा तट्टांबद्दल १५८८ च्या स्पॅनिश आरमाराची फुटलेली जहाजं सांगतात. अमेरिकेतल्या चिंकोटीग बेटाच्या तट्टांबद्दलही स्पॅनिश गलबत फुटल्याची कथा आहे. सगळीकडे एकच गोष्ट: गरिबाच्या दावणीला चांगलं जनावर दिसलं की ते त्याचं नसणार, कुठूनतरी वाहत आलं असणार.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही मला भांडायचं आहे. ते मित्र आहेत म्हणून त्यांना सूट देता येत नाही. भीमथडी ही वेदकाळापासूनची, पाच हजार वर्षांची शुद्ध जात आहे असं छातीठोकपणे सांगणारे लोक या घोडीचं नुकसानच करत आहेत. महाराष्ट्रात घोडा फार जुना आहे, हे खरंच आहे. नागपूरजवळ माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी शिळावर्तुळांचं उत्खनन केलं. त्या दफनांत माणसांबरोबर घोड्याची हाडं निघाली, घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार निघाले, लगामाची लोखंडी कडी निघाली. हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात अश्वमेधांचा आणि दानात दिलेल्या घोड्यांचा उल्लेख आहे. बेडसे लेण्यातल्या खांबांवरच्या घोडेस्वार जोड्या आजही पाहता येतात. यातून अडीच-तीन हजार वर्षं इथल्या माणसाला घोडा परिचित होता हे सिद्ध होतं. माहुरझरीची घोडी म्हणजे आजच्या भीमथडीची पणजी हे सिद्ध होत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. शुद्ध रक्ताचा दावा केला की समोरचा एक अरबी वळू दाखवून तो दावा पाडतो, आणि त्याबरोबर घोडीही पडते. जातीचं मोठेपण शुद्धतेत नाही. एकाच मुलखात, एकाच कामासाठी, एकाच नजरेने पिढ्यान्‌पिढ्या निवड होत राहिली, त्यात आहे.

ही निवड करणारी नजर आज फक्त धनगर मेंढपाळांकडे उरली आहे. रानं मोकळी झाली की आमच्याकडे वाडे येतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. त्या वाड्याची घोडी एकदा जवळ जाऊन पाहा. पाठीवर आधी घोंगडी, त्यावर वाकळा, दोन्ही अंगांना धान्याची पोती, वर तवा-पातेली बांधलेली, डालग्यात कोंबड्या आणि सगळ्यांत वर आदल्या रात्री जन्मलेली दोन कोकरं, फक्त मान बाहेर काढून बसलेली. एवढं ओझं घेऊन घोडी नांगरटीच्या ढेकळांतून जाते आणि कोकरू पडत नाही. तिला कुणी धरलेलं नसतं. पुढे बाई चाललेली असते आणि घोडी तिच्या मागे. मुक्कामाला ओझं उतरलं की पुढच्या पायांना दोरी घालून सोडतात, ती रात्रभर धसकटं खाते आणि पहाटे पुन्हा तयार. ज्या घोडीने ओझं पाडलं, जी मेंढरांना बुजली, जिला दुष्काळात अंग धरता आलं नाही, तिचं शिंगरू त्या वाड्याने पुढे ठेवलं नाही. निवड म्हणतात ती हीच. तिला ब्युरोने आता शिक्का दिला, एवढंच.

शिक्का दिला तरी लोक विचारतात: वंशावळीचे कागद कुठे आहेत? हा प्रश्न सास्तूरमध्ये कुणी विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमची दगडमातीची घरं खाली आली आणि त्यांत माणसांबरोबर कागदही गेले. त्यानंतर घर कुणाचं, रान कुणाचं, कोण कुणाचा, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून आणि जमिनीवरच्या खुणांवरून लावावं लागलं. कागद नव्हते म्हणून गाव नव्हतं असं कुणी म्हटलं नाही. आमच्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी घ्या. तिला कुणी सात पिढ्यांची वंशावळ विचारली? खिल्लार बैलाला विचारली? तिथे अंग, गुण आणि मुलूख पाहून जात ठरते. घोड्यालाच वेगळा नियम का? कारण घोडा राजाचं जनावर अशी आपली समजूत, आणि धनगराच्या दावणीला राजाचं जनावर असू शकतं हे मनाला पटत नाही.

या वादाचा परिणाम थेट बाजारात दिसतो. सारंगखेड्याच्या बाजारात उंच मारवाडी घोड्यांना जो भाव येतो तो पाहून आमच्याकडच्या तरुण पोरांचे डोळे दिपतात. वरातीला नाचवायला उंच घोडा हवा, शर्यतीला हवा, फोटोला हवा. मग घरच्या चांगल्या घोडीला मारवाडी वळू दाखवला जातो. 'तसंही हिचं रक्त मिश्रच आहे, थोडं चांगलं रक्त आलं तर काय बिघडलं?' हे उत्तर मी समोरासमोर ऐकलं आहे. बिघडतं ते असं: जुन्या काळी परका वळू आला तरी शिंगरांना पुढे छावणी आणि दुष्काळ या दोन चाळण्यांतून जावं लागे. आज चाळणी नाही. शिंगरू उंच झालं की विकलं जातं, ते दुष्काळात टिकतं का हे कुणी पाहत नाही. दोन पिढ्यांत पायाचा चिवटपणा जातो आणि उंची तेवढी उरते. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टू मिळून जेमतेम ३.४ लाख भरले, त्याआधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. एवढ्या झपाट्याने ओसरणाऱ्या जनावरांत एखादी लहान जात संकराने नाहीशी व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझं सांगणं घोडीवाल्यांना आहे. घोडी माजावर आली तर दोन गावं लांब जावं लागलं तरी भीमथडीचाच वळू शोधा, आणि चांगला वळू खच्ची करू नका, विकायचा झाला तर वाड्यावरच्याच माणसाला विका. पशुसंवर्धन खात्याने धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांसाठी नोंद झालेले वळू उपलब्ध करून द्यावेत. खंडोबाच्या माळेगावला मार्गशीर्षात घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथे भीमथडीची वेगळी रांग लावावी आणि तिची पारख उंचीवर न करता ओझं, चाल आणि खूर पाहून करावी. यात्रेच्या आधी या तिन्ही जिल्ह्यांतल्या भीमथडी घोड्यांची आणि वळवांची गावनिहाय मोजणी व्हायला हवी. ज्यांच्या दावणीला अशी घोडी आहे त्यांनी मोजणीची वाट न पाहता आपलं नाव जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लिहून द्यावं.